भूक लागली होती, मग भाकर करण्यात चूक काय?

राखेच्या बुधवारनंतरचा शुक्रवार
आजचं वाचन : यशया ५८:१-९
सोबत वाचा : मत्तय ४:१-११, येत्या रविवारचं शुभवर्तमान



रोज सकाळी सातला येणारी पोस्ट आज दुपारी येतेय. कारण शेवटी सांगतो.

बुधवारी पहाटेच्या मिस्साला राख घेतली आणि तसाच ऑफिसला निघालो. लोकलमध्ये समोर बसलेल्या एका काकांनी खिशातून रुमाल काढून पुढे केला. "कपाळाला काहीतरी काळं लागलंय तुमच्या." मी सांगितलं, आजपासून आमचा उपवासकाळ सुरू झाला, त्याची राख आहे. "अच्छा. किती दिवस?" चाळीस. "मग काय काय खायचं नसतं?"

हाच प्रश्न त्या दिवशी आमच्या युवा ग्रुपवरही चालला होता. तू काय सोडलंस? कुणी चहा सोडला, कुणी इन्स्टाग्राम, कुणी बाहेरून जेवण मागवणं. एकाने बिर्याणी सोडली आणि खाली रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. शुक्रवारी मांस नाही, पण मासे चालतात, त्यामुळे आमच्या वसईत काही घरी उपवासकाळातल्या शुक्रवारी चिकनच्या दुप्पट भावाची सुरमई येते. आमच्याही घरी यायची. आई म्हणायची, नियम मोडला नाही ना, झालं तर.

मी हसतोय, पण चेष्टा करत नाहीये. सोडण्याला अर्थ आहे. रोज हात आपोआप ज्या गोष्टीकडे जातो तिथून तो मागे घेतला की आपल्याला आपली साखळी दिसते. प्रश्न पुढचा आहे. हे चाळीस दिवस आपण प्रभू येशूच्या अरण्यातल्या चाळीस दिवसांच्या आठवणीत पाळतो. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजलं तर ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार वगळले की ४०, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही. इ. स. ३२५ च्या निकेया धर्मसभेच्या नियमांतही या चाळीस दिवसांचा उल्लेख आहे, इतकी ही प्रथा जुनी. पण माझा चहा सोडणं आणि त्याचं अरण्य, या दोन गोष्टींचा एकमेकींशी नेमका काय संबंध?

आधी अरण्य म्हणजे काय ते बघू. आपल्या मराठी बायबलमध्ये हा शब्द वाचला की डोळ्यांसमोर झाडी येते. रामाचा वनवास, ऋषींचे आश्रम, हरणं. यहुदियाचं अरण्य असं नाही. तिथे दगड आहेत. यरुशलेम डोंगरावर, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंच. तिथून पूर्वेला जेमतेम २५-३० किलोमीटरवर मृत समुद्र, समुद्रसपाटीच्या चारशेहून जास्त मीटर खाली. भूमध्य समुद्राकडून येणारे ढग डोंगराच्या अलीकडेच रिकामे होतात आणि पलीकडे पाऊस पोचत नाही. महाबळेश्वर आणि म्हसवड यांच्यात जो फरक आहे तोच, फक्त आणखी तीव्र. यरीहोजवळच्या एका डोंगरावर ही परीक्षा झाली अशी परंपरा आहे. कड्याला चिकटून एक मठ आहे आणि डोंगराचं अरबी नाव कुरुंतुल. ते लॅटिनमधल्या चाळीस या शब्दावरून आलंय. फोटो बघा कधीतरी. त्या उतारावरचे चुनखडीचे दगड बघितले की सैतानाला भाकरीच का सुचली हे सांगावं लागत नाही.

तरी 'अरण्य' हा शब्द मला बदलावासा वाटत नाही. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ झाडांशी नाही, परकेपणाशी जोडलेला आहे. गावाबाहेरची, आपली नसलेली जागा. तसं पाहिलं तर नेमका शब्द आहे.

आता मार्कचं शुभवर्तमान. मार्क ही सगळी गोष्ट दोन ओळींत उरकतो. भाकर नाही, मंदिराचं टोक नाही, संवाद नाही. पण एक क्रियापद तो असं वापरतो की आपण थांबायला हवं. आत्मा येशूला अरण्यात नेतो असं तो म्हणत नाही. आत्मा त्याला अरण्यात घालवतो. मूळ ग्रीकमध्ये तेच क्रियापद आहे जे मार्क पुढे भुतं काढण्यासाठी वापरतो. म्हणजे हाकलणं. येशूने अरण्य निवडलं नव्हतं. बाप्तिस्म्याचं पाणी अंगावर वाळायच्या आत तो तिकडे ढकलला गेला.

इथेच आपल्या उपवासकाळाची पहिली अडचण होते. आपण काय सोडायचं ते आपण निवडतो, कधी थांबायचं ते आपल्याला माहीत असतं, रविवारी सुट्टी असते. ज्याची नोकरी एका सकाळी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटांत गेली, जिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, ज्याच्या घरी या महिन्याचं भाडं नाही, तो अरण्यात आहे. त्याला कुणी विचारलं नव्हतं, काय सोडतोस म्हणून. हागार आठवा, उत्पत्तीच्या २१ व्या अध्यायातली. अब्राहामाने पहाटे उठून तिच्या खांद्यावर थोडी भाकर आणि पाण्याची कातडी पिशवी ठेवली आणि मुलासकट तिला बाहेर काढलं. पाणी संपलं तेव्हा तिने मुलाला झुडपाखाली टाकलं आणि दूर जाऊन बसली, कारण त्याचं मरण तिला बघवेना. देवाने तिथे मुलाचा आवाज ऐकला, विहीर दाखवली, हे खरंच. पण तिला अरण्यात पाठवणारा माणूस विश्वासाचा पिता होता, हेही खरं. हा मुद्दा लक्षात असू द्या. मला तो नंतर लागणार आहे.

आता आजच्या मुख्य प्रश्नाकडे. चाळीस दिवस चाळीस रात्री येशूने उपास केला, मग त्याला भूक लागली, आणि मोहात पाडणारा येऊन म्हणाला की या दगडांच्या भाकरी कर. येशूने केल्या नाहीत. ही गोष्ट आपण लहानपणापासून इतकी ऐकलीय की यातला प्रश्न आपल्याला दिसतच नाही. मला तो कॉलेजातल्या एका मित्राने दाखवला. तो ख्रिस्ती नव्हता, पण माझ्याबरोबर एकदा चर्चला आला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "अरे, भूक लागली होती ना त्याला? उपास पण पूर्ण झाला होता. मग भाकर करण्यात चूक काय?"

खरंच, चूक काय? चोरी नाही, कुणाचं नुकसान नाही, कोणती आज्ञा मोडत नाही. जेवणं वाईट म्हणावं तर येशू जेवायचा, इतका की लोक त्याला खादाड म्हणायचे. चमत्कार करणं वाईट म्हणावं तर काना गावी त्याने पाण्याचा द्राक्षारस केला. सैतानाने सांगितलं म्हणून चूक, असं एक उत्तर मिळतं, पण ते मला पटत नाही. वाईट माणसाने 'जेव' म्हटलं म्हणून जेवण वाईट होत नाही. आणि येशूनेही, तू सांगतोस म्हणून मी करणार नाही, असं उत्तर दिलेलं नाही. प्रवचनांत बहुतेक वेळा दुसरं उत्तर येतं. सैतान त्याला देवाचा पुत्र असल्याचं सिद्ध करायला लावत होता, आणि ते तर बाप्तिस्म्याच्या वेळी पित्याने सांगितलेलंच होतं, सिद्ध कशाला करायचं? हे बरोबर आहे. माझ्या पिढीला तर फारच लागू आहे, आपण दिवसभर काहीतरी सिद्धच करत असतो. पण त्यानेही माझ्या मित्राचा प्रश्न पूर्ण सुटत नाही. कारण पुढे त्याच येशूने भाकरी केल्या. पाच हजार पुरुष, शिवाय बायका आणि मुलं. कुठे? मत्तयच्या १४ व्या अध्यायात शिष्य तक्रार करतात की ही जागा ओसाड आहे, लोकांना गावात पाठवा. 'ओसाड' म्हणून तिथे जो ग्रीक शब्द आहे, तोच चौथ्या अध्यायात अरण्यासाठी आहे. जागा तशीच, भूक तशीच, तोच येशू. एकदा त्याने भाकर नाकारली, एकदा बारा टोपल्या उरेपर्यंत दिली.

फरक एकच आहे. पहिल्या वेळी भूक त्याची होती. दुसऱ्या वेळी लोकांची.

मला हे दिसलं तेव्हा मी येशूचं उत्तर पुन्हा वाचलं. माणूस नुसत्या भाकरीवर जगत नाही, देवाच्या मुखातल्या शब्दावर जगतो, या अर्थाचं ते उत्तर अनुवादाच्या आठव्या अध्यायातून घेतलंय. तिथे मोशे लोकांना चाळीस वर्षांच्या अरण्याची आठवण करून देतोय, मान्ना मिळण्याच्या दिवसांची. मान्नाचे नियम निर्गम १६ मध्ये आहेत. रोज सकाळी माणशी एक ओमर गोळा करायचं. कुणी जास्त गोळा केलं, कुणी कमी, पण मापून बघितलं तर जास्तवाल्याकडे उरलं नाही आणि कमीवाल्याला कमी पडलं नाही. उद्यासाठी ठेवलं तर किडे पडायचे. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट, आणि ते टिकायचं. म्हणजे अरण्यात देवाने भाकर दिली नाही असं नाही. दिली, पण सगळ्यांना एकच, आणि कुणाच्याही तंबूत वेगळा साठा होणार नाही अशी. अरण्यात खासगी भाकर नव्हती.

सैतान देऊ करत होता ती खासगी भाकर होती. त्या दगडांवर भुकेला बसलेला मेंढपाळ, वाटसरू, कुष्ठरोगी, कुणालाच दगडाची भाकर करता येत नव्हती. येशूने केली असती तर तो अरण्यात राहिला असता, पण एक गुप्त दार उघडं ठेवून. मग तो आपल्यातला नसता. भूक लागल्यावर ज्याच्याकडे उपाय आहे त्याला भूक म्हणजे काय ते कळत नाही, त्याला फक्त थोडी गैरसोय होते. माझा उपास असाच असतो. मला माहीत असतं फ्रिजमध्ये काय आहे.

बाकीच्या दोन परीक्षांवर आज लिहीत नाही. लूकमध्ये त्यांचा क्रमही वेगळा आहे, पुन्हा कधीतरी बोलू. एवढंच बघा की शेवटी, सैतान गेल्यावर, देवदूत येऊन येशूची सेवा करतात. एलीयालाही १ राजे १९ मध्ये असंच घडलं होतं. तो जीव देवाकडे मागून झुडपाखाली झोपला, आणि उठला तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती. येशूने दगडाची भाकर केली नाही, पण तो उपाशीही मेला नाही. भाकर आली, दुसऱ्याच्या हातातून आली.

आता मला जे सांगायचंय ते सांगतो. पाळक असतो तर इथे एखादं उदाहरण दिलं असतं. मी पाळक नाही, माझ्याकडे फक्त माझंच आहे.

आपल्याकडे बहुतेक वर्षी उपवासकाळ आणि मार्च एंडिंग एकत्र येतात. आयटीत त्याच सुमारास अप्रेझल. काही वर्षांपूर्वी मी सात जणांच्या टीमचा लीड होतो. वरून सांगण्यात आलं होतं की सातांपैकी एक जण सगळ्यात खालच्या श्रेणीत टाकायचाच, काम सगळ्यांचं चांगलं असलं तरी. ही पद्धत ज्यांनी बघितलीय त्यांना समजेल. त्याच तिमाहीत आमची एक सिस्टीम चार तास बंद पडली होती. ज्या बदलामुळे पडली तो कोड टीममधल्या सगळ्यात ज्युनियर मुलाने लिहिला होता. तो तपासून मंजूर मी केला होता, रात्री साडेअकराला, न वाचता. टीममध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तो मला दादा म्हणायचा.

मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, ती चूक कुणाची होती. मी खोटं बोललो नाही. कोड त्याने लिहिला होता, असं म्हणालो. एवढंच म्हणालो. पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं, ते मी गिळलं. माझं त्या वर्षी प्रमोशन होतं.

तो उपवासकाळातला शुक्रवार होता. हे मला का आठवतं, तर मीटिंगनंतर मी कँटीनमध्ये गेलो आणि व्हेज मंचूरियन घेताना काउंटरवरच्या भैयाला दोनदा विचारलं, ग्रेव्हीत चिकनचं पाणी तर नाही ना? मोबाइलवर मी उपवासकाळाची यादी ठेवली होती. त्या दिवसापुढे मी बरोबरची खूण केली.

आजचं यशयाचं वाचन मी त्या दिवसाआधी पंधरा वेळा तरी ऐकलं असेल. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास करतो आणि तुझं लक्ष कसं नाही? देव सांगतो, उपासाच्या दिवशीही तुमचा धंदा चालूच असतो, तुम्ही तुमच्या हाताखालच्यांना रगडता. मग पुढे, मला कसला उपास हवा ते ऐका: अन्यायाची बंधनं सोडा, आपली भाकर भुकेल्याला वाटून द्या, आणि आपल्याच माणसापासून तोंड लपवू नका. पूर्वी मला वाटायचं हे गिरणीमालक, जमीनदार अशा लोकांबद्दल आहे. माझ्या हाताखाली कोण होतं? एक मुलगा, चोवीस वर्षांचा.

त्याला खालची श्रेणी मिळाली. पगारवाढ शून्य. मी त्याला एका छोट्या खोलीत बसवून सांगितलं, "हे बघ, याकडे शिकण्याची संधी म्हणून बघ. यातून चांगलंच होईल." त्याने मान हलवली. म्हणाला, "हो दादा." तीन महिन्यांनी त्याने नोकरी सोडली.

म्हणून म्हणालो, हागारची गोष्ट लक्षात ठेवा. त्या उपवासकाळात मी अरण्य अरण्य खेळत होतो, आणि एका मुलाला खऱ्या अरण्यात घालवत होतो. अब्राहामाला निदान देवाने सांगितलं होतं की मी त्या मुलाचं बघून घेईन. मला कुणी असं काही सांगितलं नव्हतं.

येशूने केलं त्याच्या बरोबर उलटं मी केलं होतं. स्वतःच्या भुकेला त्याने वचन दिलं आणि लोकांच्या भुकेला भाकर. मी स्वतःला भाकर घेतली आणि त्याला वचन दिलं. एकदा हे दिसल्यावर मला ते सगळीकडे दिसू लागलं. कामवाल्या ताई पगार वाढवून मागतात तेव्हा आपण म्हणतो, देव सगळ्यांचं बघतो ताई. स्वतःच्या पगारवाढीच्या वेळी मात्र आपण एक्सेल शीट घेऊन जातो. एखाद्या आजारी बहिणीला आपण धीर धरायला सांगतो, आणि आपला ताप दोन दिवस उतरला नाही की देवाशी भांडतो. माणूस नुसत्या भाकरीवर जगत नाही, हे वाक्य भरलेल्या पोटाने उपाशी माणसाला ऐकवणं यासारखा वचनाचा गैरवापर नाही. ते वाक्य येशूने स्वतः उपाशी असताना, स्वतःबद्दल म्हटलं. दुसऱ्या कुणाला ते त्याने ऐकवल्याचं मला शुभवर्तमानात सापडत नाही.

दुसऱ्या शतकातल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात उपासाची एक पद्धत सांगितलीय, ती मला आवडते कारण ती हिशेबी आहे. उपासाच्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घ्यायचं, एरवी जेवला असता त्या जेवणाची किंमत काढायची, आणि तेवढं एखाद्या विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यायचं. म्हणजे माझ्या ताटातून जे गेलं ते कुणाच्या तरी ताटात पोचलं पाहिजे. पोचलं नाही तर तो उपास नाही, डाएट आहे. डाएटमध्ये पाप नाही, पण त्यासाठी राख लावायची गरज नाही.

यात एक धोकाही आहे, तो सांगायला हवा. हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग आपण स्वतःसाठी काही मागायचंच नाही का? जो आत्ता खरोखर अरण्यात आहे, ज्याची नोकरी गेलीय, त्याने पण दगडाची भाकर नाकारायची? नाही. त्याने भाकर मागावी, मोठ्याने मागावी. येशूने आपल्याला शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितलीच आहे, आणि तीही 'आम्हाला' म्हणून, 'मला' म्हणून नाही. मी बोलतोय ते अशा जागेबद्दल जिथे माझ्या हातात काहीतरी ताकद आहे, एखादी सही, एखादं गप्प बसणं, आणि ती वापरून मी एकटा सुटू शकतो.

आता उशिराचं कारण.

दोन आठवड्यांपूर्वी त्या मुलाचा मेसेज आला. मधल्या काळात त्याने दुसरीकडे नोकरी धरली होती, तीही आता कपातीत गेली. "दादा, तुमच्याकडे जागा आहेत असं कळलं. माझं काही होईल का?" जागा खरंच आहे, माझ्याच टीममध्ये. पण आमच्याकडे ज्याची शेवटची श्रेणी खालची होती त्याला परत घेता येत नाही, सिस्टीममध्येच तशी नोंद असते. ती नोंद काढायची तर कुणीतरी लेखी सांगावं लागेल की ती श्रेणी चुकीची होती, आणि का चुकीची होती.

मी त्याला उत्तर पाठवलं, "बघतो. तुला प्रार्थनेत ठेवलंय."

याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात नेमका हा माणूस आहे. उघड्या-उपाशी भावाला तो म्हणतो, सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव, आणि देत काहीच नाही. मी ते पत्र शाळेत असताना पाठ केलं होतं.

आधी मला वाटलं, त्याची माफी मागावी. लांबलचक मेसेज लिहिलाही. मग लक्षात आलं की ही पण माझीच भूक आहे. माझं मन हलकं व्हावं, त्याने 'ठीक आहे दादा' म्हणावं, म्हणून मी त्याच्याकडेच भाकर मागतोय, आणि तो बेकार आहे. माफी मागायची आहेच, पण आधी नाही. आधी दुसरा मेल, माझ्या मॅनेजरला आणि एचआरला. त्यात त्या रात्रीची वेळ, मंजुरीचा रेकॉर्ड, मीटिंगमध्ये मी जे बोललो नाही ते वाक्य, आणि विनंती की त्याच्या नावापुढची नोंद बदलावी.

तो मेल बुधवारपासून ड्राफ्टमध्ये होता. बुधवारी मी उपास केला, गुरुवारी चहा घेतला नाही, आणि दोन्ही रात्री तो मेल उघडून स्वल्पविराम बदलत बसलो. आज सकाळी ही पोस्ट लिहायला बसलो, यशया उघडला, आणि ठरवलं की तो मेल गेल्याशिवाय हे टाकायचं नाही. सातला गेला नाही. दहाला स्टँडअप होता, तेव्हाही नाही. साडेबारा वाजता जेवायला उठण्याआधी पाठवला. अजून कुणाचं उत्तर नाही. त्या मुलाला मी अजून काही सांगितलेलं नाही, नोंद बदलेल की नाही ते मला माहीत नाही, आणि माझं काय होईल तेही नाही.

त्याच्यासाठी प्रार्थना करा. नाव सांगत नाही, देवाला माहीत आहे.

उद्याचं वाचन : यशया ५८:९-१४. हाच अध्याय पुढे चालू.